बोट लागलं

लोकांच्या तोंडातून निघालेल्या वस्तू हाताळण्यात तिचा जन्म गेला होता, पण किळस म्हणून तिला कधी आली नव्हती. ती दातांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे डब्यांतून यायचे. कधी लाळ, कधी रक्त, कधी न्याहारीचा एखादा कण त्यांना चिकटलेला असायचा. ती ते नळाखाली धुवायची, प्लास्टर ओतायची आणि तिथेच बाजूला जागा करून आपला डबा उघडायची. पॉलिशच्या मोटरीवर बसणारी मैत्रीण म्हणायची, "तुझं पोट आहे की पत्र्याची पेटी?" अशा बाईला रविवारी सकाळी, अंघोळ करून, स्वच्छ पुसलेल्या टेबलाशी बसून चार ओळी वाचताना मळमळावं हे नवलच. पण मळमळलं खरं.

त्या चार ओळी समितीच्या बैठकीच्या वृत्तांतातल्या होत्या. 'मास्तरांची सूचना प्राप्त झाली. त्याबद्दल समिती त्यांची ऋणी आहे. सदर सूचना यथावकाश योग्य त्या उपसमितीकडे सोपवण्यात येईल.'

मास्तर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आणि सदर सूचना काय होती, तर नवी आवृत्ती बाहेर पडली तर अंध मुलांच्या हातात येणाऱ्या पुस्तकांतलं एकही अक्षर कुणाला वाचता येणार नाही. घराला आग लागली म्हणून ओरडावं आणि आतून कुणीतरी 'आपण आवर्जून कळवलंत, आभारी आहोत' म्हणावं, तशातली गत.

भाऊ जन्मापासून आंधळा. अंध मुलांच्या शाळेत भाषा शिकवायचा. शाळेत उठावाचे ठिपके छापणारं एक जुनं, दणकट यंत्र होतं. ते मागून कागदावर ठोके मारतं, पुढच्या बाजूला ठिपके वर येतात आणि मुलं ते बोटांनी वाचतात. हे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम ज्या कंपनीचा होता ती कंपनी एक दिवस बुडाली आणि यंत्र मुकं झालं. बहीण कवळ्यांच्या कारखान्यात संगणकावर दातांचे आकार काढायला शिकली होती, त्यातून थोडं प्रोग्रॅमिंगही शिकली होती. तिने महिनोन्‌महिने डोकं फोडून साध्या मजकुराचे ठिपके करून देणारा नवा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'ठिपका'. तो सगळ्या जगासाठी खुला करून टाकला. कुणीही घ्या, दुरुस्त करा, दुरुस्ती परत द्या. पैसा नको, मालकी नको.

माणसं आली. कुणी इंजिनियर, कुणी ग्रंथपाल, कुणी निवृत्त, कुणी नुसतेच हौशी. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. पण टोपणनावं मात्र पटापट पडली. ती झाली कवळीताई. आणि भाऊ, ज्याला प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नव्हतं, तो मास्तर म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा झाला, तो त्याच्या बोटामुळे.

रीत अशी होती. नवी आवृत्ती तयार झाली की मास्तर शाळेच्या यंत्रावर एक पान छापायचा आणि त्यावरून उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवायचा. मग बहिणीला फोन करायचा, "ताई, लागलं." ती सगळ्यांना लिहायची, 'बोट लागलं.' की आवृत्ती बाहेर. तो "नाही लागलं" म्हणाला, तर तीसमारखाँ असो की त्याचा बाप, आवृत्ती जागची हलायची नाही. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवला नव्हता. वाढण्याआधी आमटीतलं मीठ चाखावं, हे तरी कोण लिहून ठेवतं?

पुढे पसारा वाढला. देशोदेशीच्या शाळा 'ठिपका' वापरू लागल्या. त्यांच्या संगणकांवर नवी आवृत्ती आपोआप उतरू लागली. एकाच दुरुस्तीला दोघे दोन टोकांनी भिडायचे आणि मग हमरीतुमरीवर यायचे. प्रश्नांचे ढीग पडायचे आणि कवळीताईचे हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. काहीतरी व्यवस्था हवी होती, हे खोटं नाही. पण व्यवस्था हवी म्हटल्यावर ती लावायला जो माणूस आला, तो म्हणजे सनदवाला.

सनदवाला दिवसा कंपन्यांना सल्ले देऊन पोट भरायचा. त्याने 'ठिपक्या'साठी प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती की एका शाळेचा एक फोन घेतला नव्हता. आला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. गोड बोलायचा. इतका गोड की ऐकणाऱ्याला हात धुवावेसे वाटावेत. त्याने सनद लिहिली. सात जणांची समिती, तिच्या खाली उपसमित्या, उपसमित्यांच्या बैठकांचे वृत्तांत आणि त्या वृत्तांतांना मंजुरी देणाऱ्या आणखी बैठका. काम करणारे होते तितकेच राहिले. कामाविषयी बोलणारे तिप्पट झाले.

त्या सनदेतली दोनच कलमं तूर्त पुरेत. एक, कुणीही प्रस्ताव मांडला आणि पाच दिवसांत कुणी काही बोललं नाही, तर तो मंजूर. गप्प बसणं हीच संमती. हे अगदीच वावगं नव्हतं. फुकट काम करणाऱ्या माणसांची हातावर हात ठेवून कुठवर वाट बघणार? दुसरं, ज्याने वर्षभरात प्रोग्रॅममध्ये निदान एक बदल केलाय तो सभासद. सभासदाने तक्रार केली तर ती 'हरकत', तिने आवृत्ती थांबते. बाकीच्यांनी केली तर ती 'सूचना', तिने काहीच थांबत नाही.

मास्तराने जन्मात प्रोग्रॅमला हात लावला नव्हता.

कवळीताईने ते कलम वाचलं होतं. एका जेवणाच्या सुट्टीत, साच्यातलं ॲक्रिलिक शिजत होतं तेव्हा, तिने सगळी सनद पहिल्या पानापासून वाचली होती. कलमावर नजर अडली, काळजात बारीकसं टोचलंही. संध्याकाळी लिहू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी वाटलं, पुन्हा तो सनदवाला लांबण लावणार. आणि धाकट्याला प्रत्यक्षात अडवणार कोण, कागदाचं कागदावर राहील. आणखी एक गोष्ट होती. पहिल्याच पानावर तिचं नाव होतं, 'आद्य संस्थापक, समितीच्या तहहयात सभासद'. कुणी आपल्याला असं कधी म्हटलं नव्हतं. आत कुठेतरी गुदगुल्या झाल्याच. तिने मूग गिळले. बाकीच्यांनी तर सनद उघडलीच नव्हती. आळीमिळी गुपचिळी करत पाच दिवस सरले आणि सनद 'एकमताने' संमत झाली. मग छोटेखानी समारंभ करून आवृत्ती बाहेर सोडण्याची किल्लीसुद्धा कवळीताईने समितीच्या हवाली केली. सगळ्यांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं टाकली.

मग आली पाठपोट छपाई.

ठिपक्यांची पुस्तकं जाडजूड होतात, कारण ठिपके कागदाच्या एकाच बाजूला असतात. दोन्ही बाजूंना छापता आले तर पुस्तक निम्म्यावर येईल, म्हणून शाळा कधीच्या मागे लागल्या होत्या. एका मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या, दोन मुलांच्या आईने कित्येक सुट्ट्या घालवून ते काम केलं. तिला सगळे पाठपोटवाली म्हणू लागले. बाई कामाची होती, तिच्याबद्दल वावगं बोलायला जागा नाही. तिचं काम गुणवत्ता उपसमितीकडे तपासायला गेलं. या उपसमितीत सगळे डोळस. शाळांकडे असतं तसलं जुनं यंत्र एकाच्या ओळखीत होतं. त्याने तिथे पान छापून घेतलं, टेबलावर ठेवलं, वरून दिवा धरून झकास फोटो काढला. उपसमितीने फोटो मोठा करून पाहिला आणि शेरा मारला, 'ठिपके सुबक व स्पष्ट. मंजूर.'

मास्तराने जुन्या सवयीने शाळेत पान छापलं आणि बोट फिरवलं. मग पान उलटलं. मग पुन्हा पहिली बाजू. मग कारखान्यात फोन केला.

"ताई, ही माणसं खुळी आहेत का गं?"

"का? काय झालं?"

"हे ठिपके नाहीत, खड्डे आहेत! यंत्र उलट्या बाजूनं ठोकतंय. जिथे उठाव पाहिजे तिथे भोकं पडलीत. आणि मागे उलटून बघितलं तर उठाव आहेत, पण सगळे आरशातल्यासारखे उलटे, त्यात मागच्या पानाच्या ठिपक्यांची खिचडी. तपासलं कुणी हे?"

"उपसमितीनं. फोटोवरून."

मग मास्तर हसायला लागला. "फोटो? ताई, फोटो काढून बघितला?" तो हसत राहिला, शाळेच्या खोलीत त्याचं हसणं घुमलं, आणि हळूहळू त्यातली मजा निघून गेली. "फोटोत खड्डा काय नि उंचवटा काय, सारखाच दिसत असणार. नाही का? मला काय माहीत म्हणा. पण परीक्षेची पुस्तकं छापायला घेतील गं शाळा आता. आपोआप उतरेल हे सगळीकडे. थांबव."

"थांबवते," ती म्हणाली. तेव्हा तिला खरंच वाटत होतं की आपण थांबवू शकतो.

मास्तराने समितीला लिहिलं, त्याचं उत्तर म्हणजे त्या चार ओळी. ते वाचून ती तशीच त्या रविवारच्या बैठकीला बसली. पडद्यावर समितीचे सात चौकोन. एकात सनदवाला, मागे पुस्तकांचं कपाट, त्यातलं एकही उघडलेलं नसावं असं. एकात म्यूटकाका, म्हणजे एक निवृत्त काका, ज्यांना माइक सुरू करायला आजवर कधी जमलं नव्हतं. एका चौकोनात कुणी नव्हतंच, नुसती खुर्ची. आठव्या चौकोनात पाठपोटवाली, खास पाहुणी म्हणून बोलावलेली. पहिला अर्धा तास बोधचिन्हातला ठिपका निळा असावा की हिरवा यावर गेला. आंधळ्यांच्या कामाच्या बोधचिन्हाचा रंग! कवळीताईने टेबलाखाली मुठी आवळल्या.

"मला नव्या आवृत्तीबद्दल बोलायचंय," ती शेवटी म्हणाली. "ती थांबवा. पानावर खड्डे पडतायत."

"मास्तरांची सूचना आमच्यापर्यंत पोचली आहे," सनदवाला म्हणाला. "फार मोलाची आहे. सूचना या वर्गात तिची नोंद झालीय."

"सूचना नाही हो, हरकत आहे ती."

"ताई, हरकत सभासदच घेऊ शकतो. सनद आहे ना आपली. आपण सगळ्यांनी संमत केलेली."

"बरं. मग मी घेते हरकत. मी सभासद आहे."

सनदवाल्याने डोळे मिटून मान हलवली. रोग्याला वाईट बातमी सांगायच्या आधी डॉक्टर हलवतात तशी. "त्यातही एक अडचण आहे. मास्तर आपले सख्खे भाऊ. हितसंबंधांच्या कलमानुसार या विषयावर आपल्याला हरकत घेता येत नाही आणि मतही देता येत नाही. आपल्याच प्रतिष्ठेसाठी आहे ते कलम. एका भावाबद्दल बहिणीच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना?" तिचा आवाज चढला. "अहो, पानावर भोकं आहेत! भावनांचा काय संबंध? एक पान छापा आणि डोळे मिटून हात फिरवा. फिरवा ना, कुणीही!"

"उपसमितीने फोटो तपासलाय," कुणीतरी म्हणालं.

पाठपोटवाली घाबरत मध्ये बोलली, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला थोडा वेळ दिलात तर मी बघते. बहुतेक यंत्राला बाजू सांगताना चूक..."

"तुमच्या कष्टांबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत," सनदवाला म्हणाला. "पण वेळापत्रक मंजूर झालेलं आहे. पुढच्या आठवड्यात परिषदेत माझं भाषण आहे. तिथे आवृत्ती जाहीर व्हायचीय. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ. आणखी कुणाला काही बोलायचंय?"

म्यूटकाकांचे ओठ हलत होते. चांगले तावातावाने हलत होते, एक हातही उगारला होता, आणि त्यांच्या चौकोनावर बंद माइकची लाल खूण. सनदवाल्याने थोडं थांबल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कुणाला नाही. म्हणजे संमती." काका आणखी बराच वेळ बोलत राहिले.

बैठक संपल्यावर कवळीताईने न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिला त्या माणसाची शिसारी आली होती, त्याच्या जिभेवरच्या तुपाची, त्या टाळ्यांच्या चित्रांची, त्या रिकाम्या खुर्चीची. बदमाश माणसं असती तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन तिला मोकळं होता आलं असतं. ही सगळी चांगली माणसं होती. फुकट वेळ देणारी, सुट्टी मोडून येणारी, आंधळ्या मुलांबद्दल कळवळा असणारी. त्यांना फक्त पानावरून हात फिरवायचा नव्हता.

मग ती संगणकाशी बसली आणि तिने एक प्रस्ताव लिहायला घेतला. मथळा दिला, 'परिशिष्टातील किरकोळ दुरुस्त्या'. पहिल्या पानांवर नुसते स्वल्पविराम, 'सदर समिती'च्या जागी 'उक्त समिती', कलमांचे क्रमांक पुढेमागे. पुढेही तेच. आणि मधोमध एक ओळ. 'छापील पान अंध वाचकाने बोटाने वाचून मान्य केल्याखेरीज कोणतीही आवृत्ती प्रसिद्ध करता येणार नाही. हे काम सध्या मास्तर पाहतील.' ती ओळ तिने लपवली नाही. उलट सरळ, धडधडीत लिहिली. बाकी सगळ्या चिखलात ती इतकी स्वच्छ दिसत होती की कुणाच्याही डोळ्यांत भरावी. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की ही भाषा आपल्याला सफाईने जमतेय. 'तत्सम', 'यथोचित', 'वरीलप्रमाणे', सगळं आपोआप बोटांतून उतरतंय. आता तिला स्वतःचीच किळस आली, पण ती थांबली नाही. यात मत द्यायचं नव्हतं, हरकत घ्यायची नव्हती, नुसतं मांडून गप्प बसायचं होतं. त्याला हितसंबंधांचं कलम लागत नव्हतं.

प्रस्ताव टाकला आणि मिनिटभरात सनदवाल्याचा अंगठा आला. एवढ्यात मथळा तरी वाचून झाला असेल का, देव जाणे. त्यानंतर कुणाचंच काही नाही. कारखान्यात ती दात बसवायची, मेण तापवायची, आणि फोन वाजला की हातातला जबडा खाली ठेवून बघायची. पाठपोटवालीचे तेवढे खासगीत निरोप येत होते, तिने चूक शोधून काढली होती. पाच दिवस असेच गेले. कुणी उघडलं नाही, कुणी वाचलं नाही, कुणी विचारलं नाही. प्रस्ताव एकमताने संमत झाला.

परिषदेच्या आदल्या दिवशी सनदवाला किल्ली लावायला गेला तेव्हा त्याला कळलं की नुकत्याच संमत झालेल्या दुरुस्तीनुसार मास्तराचं बोट लागल्याशिवाय आवृत्ती सोडता येत नाही. कवळीताई भांडणाची तयारी करून बसली होती. चार खणखणीत वाक्यं तोंडपाठ केली होती. सनदवाल्याचा फोन आला.

"ताई, अभिनंदन!" तो म्हणाला. आवाजात खराखुरा आनंद होता. "इतक्या अवघड विषयावर आपण व्यवस्थेच्या आत राहून तोडगा काढलात. हेच तर मी सांगत असतो. प्रक्रिया काम करते! मी भाषणात आपलं उदाहरण देणार आहे."

"तुम्ही वाचलं होतं ते?"

"विश्वास, ताई. विश्वासावरच चालतं सगळं."

तिने फोन ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून आपलेच हात भिजले होते. जिंकल्याचा आनंद शोधून सापडेना. तोंडात मात्र कडू चव होती, ती पाणी पिऊनही जाईना.

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून शाळेत गेली. यंत्राची खोली जिन्याखाली होती, भिंतींना आवाज अडवायला जाड पुठ्ठे ठोकलेले. यंत्र धडाधड ठोके मारत होतं. मास्तर शेजारी स्टुलावर बसून येणारं पान तळहातावर घेत होता. पाठपोटवालीने दुरुस्त केलेली आवृत्ती होती ती.

"ये ताई," पावलं ओळखून तो म्हणाला. "झकास झालंय. दोन्ही बाजू लख्ख. त्या बाईला सांग, हात सोन्याचे आहेत म्हणावं." मग त्याने हातातलं पान बाजूला ठेवलं. "आणि मला समितीचं पत्र आलंय. 'आपल्या बोटाची आवश्यकता आहे.' काय गं हे? परवापर्यंत सूचना होतो, आज आवश्यकता झालो?"

तिने सगळं सांगितलं. बैठक, भावना, किरकोळ दुरुस्त्या, मिनिटभरात आलेला अंगठा. तो काकांच्या बंद माइकवर खो खो हसला. "म्हणजे मागच्या दारानं घेतलंस मला आत," तो म्हणाला. "चालेल. पुस्तकं बचावली हे महत्त्वाचं. पण ताई, मी बाहेर गेलोच कसा? मला वाटायचं आपली रीतच आहे ती. बाहेर काढलं कुणी मला?"

"सनदेत होतं तसं."

"म्हणजे कुणी वाचलीच नाही सनद. आता तुझ्या दुरुस्त्या वाचल्या नाहीत तशीच."

तिने नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिच्या तोंडातून तेवढंही फुटलं नाही.

यंत्र शेवटचं पान टाकून थांबलं. खोलीत एकाएकी शांतता झाली आणि त्या शांततेत मास्तराने मान तिच्याकडे वळवली.

"तू वाचली होतीस?"

ती पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"सगळी? माझं कलमसुद्धा?"

वर कुठल्यातरी वर्गात मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. तिला सांगायचं होतं, संध्याकाळी लिहिणार होते, थकले होते, कागदाचं कागदावर राहील असं वाटलं होतं. प्रत्येक वाक्य ओठांपर्यंत आलं आणि प्रत्येकाला त्या सनदवाल्याच्या जिभेचा वास होता. मास्तर वाट बघत होता. त्याने तिला भरपूर वेळ दिला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "गप्प बसणं म्हणजे संमतीच ना तुमच्यात."

त्याने शेवटचं पान उचललं, उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीवरून सावकाश नेलं, उलटून मागची बाजूही वाचली. तिने सवयीने पर्समधून फोन काढला, सगळ्यांना लिहायला.

"असू दे," बोट न थांबवता तो म्हणाला. "यापुढे लागलं की मीच कळवत जाईन त्यांना. तुला नाही फोन करणार."